तुलनेचा मेंदू

वर्ध्यातल्या एका मटणाच्या दुकानात मला बरीच वर्षं 'भेजावाल्या बाई' म्हणून ओळखत. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. पण दर सोमवारी सकाळी स्टीलचा डबा आणि बर्फाची पिशवी घेऊन मी त्या दुकानापुढे उभी राहायची आणि बकऱ्याचा एक ताजा भेजा मागायची. मसाला कोणता घालता, असं दुकानदारानं एकदा अदबीनं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मी मेडिकल कॉलेजात तंत्रज्ञ आहे, आठवड्याच्या सुरुवातीला आमची रसायनं नीट चालतात की नाही हे आधी बकऱ्याच्या मेंदूवर तपासते, कारण माणसाचा मेंदू वाया घालवता येत नाही. त्यानं हातातला सुरा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे माणसायचे बी येतात तुमच्याकडे." येतात, म्हटलं. त्या दिवसापासून त्यानं डबा माझ्या हातातून घेणं सोडलं. फळीवर ठेवा म्हणायचा.

त्याचा मला राग आला नाही. घरच्यांचंही तेच होतं. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात मी पोळ्या लाटायला बसले तर वहिनीनं हळूच लाटणं काढून घेतलं. "तुम्ही बसा ना ताई, थकल्या असान." मी थकले नव्हते. समजायचं ते समजले आणि मांडवात जाऊन बसले. माझं स्वतःचं लग्न आईच्या आजारपणात राहून गेलं, आणि आई गेल्यावर दोन खोल्यांत मी आणि रेडिओ एवढंच उरलं. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या या एकटेपणाचा हात आहे.

आमची प्रयोगशाळा तळघरात होती. खोलीत मी, दोन टेबलं, रंग मोजणारं एक यंत्र आणि एक भलामोठा फ्रीजर. त्याच्या आत उणे ऐंशी अंश. मोज्याशिवाय बोट लावलं तर कातडी चिकटते. त्या फ्रीजरमध्ये विस्मरणाच्या आजारानं गेलेल्या माणसांच्या मेंदूचे तुकडे असायचे. त्यांच्या घरच्यांनी ते आम्हाला दान दिलेले.

काम काय, ते सांगते. मेंदूतल्या एका पेशीला दुसरीला काही कळवायचं असलं की ती एक रसायन सोडते. निरोप पोचला की ते रसायन लगेच साफ व्हावं लागतं, नाहीतर पुढचा निरोप जाणार कसा. ही साफसफाई एक एन्झाइम करतं. पुस्तकात त्याला विकर म्हणतात, पण बोलताना ते कोणी म्हणत नाही. विस्मरणाच्या आजारात निरोप देणाऱ्या पेशीच मरत जातात, आणि त्यांच्यामागं हे एन्झाइमही कमी होत जातं. ते किती कमी झालं हे मोजणं माझं काम. तुरीच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, काचेच्या नळीत बर्फावर ठेवून दुधासारखा होईपर्यंत घोटायचा, त्यात दोन रसायनं घालायची. पिवळा रंग यायला लागतो. एन्झाइम भरपूर असलं तर पिवळा भराभर चढतो, कमी असलं तर रेंगाळतो. यंत्र दर मिनिटाला तो रंग मोजतं आणि मी वहीत लिहिते. झालं. शिकायला एक आठवडा लागतो आणि हात बसायला पाच वर्षं.

तुकड्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक. कोणाचा आहे हे मोजणाऱ्याला माहीत असू नये, नाहीतर मनात जे असतं तेच हात मोजतो. नावांची वही वरच्या मजल्यावर आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या कपाटात बंद असायची.

मॅडमना एकाच गोष्टीची चिंता होती. आजारी माणसाचा मेंदू मिळतो. घरच्यांनी हाल पाहिलेले असतात, कोणाला तरी उपयोग होईल म्हणून देतात. पण कमी झालं म्हणायचं तर कशापेक्षा कमी? त्यासाठी त्याच वयाच्या, शेवटपर्यंत डोकं शाबूत असलेल्या माणसाचा मेंदू शेजारी ठेवून मोजावा लागतो. तुलनेचा मेंदू. असे आमच्याकडे जेमतेम दोनतीन होते; एरवी तो कोणी देत नाही. ज्याला काही झालंच नाही, त्याच्या घरच्यांना आपण काय म्हणून मागायचं?

माणिकराव आमच्याकडे आले ते बायकोमुळे. आंजी मोठी या गावचे कास्तकार. पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला लावायचे आणि वर्ध्याच्या बाजारात आणायचे. त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, सहासात वर्षं विस्मरणाचा आजार होता. त्या आमच्याच दवाखान्यात गेल्या आणि आधी कबूल केल्याप्रमाणे माणिकरावांनी त्यांचा मेंदू दिला. तेरवी उरकल्यावर दोनतीन दिवसांनी ते तळघरात आले. तळघरात कोणी येत नसे. दारात उभे राहून त्यांनी चपला काढल्या.

"मेंदू मोजणाऱ्या बाई इथंच बसतात का?"

मी त्यांना स्टूल दिलं. ते बराच वेळ फ्रीजरकडे पाहत होते. मग त्यांनी जे विचारायला आले होते ते विचारलं. शेवटची दोन वर्षं यमुनाबाई त्यांना शाळेतले मास्तर समजत. ते घरात आले की उठून उभ्या राहत, पदर सारखा करत. ते म्हणत, अवं मी माणिक हाय, तर त्या म्हणत, हो गुरुजी.

"तुमच्या मशिनीत समजते का बाई," ते म्हणाले, "की आतमधी कुठंतरी तिले माहीत असन, हा माहाच माणूस हाय म्हणून?"

मी म्हटलं, नाही काका. एन्झाइम किती उरलं तेवढंच समजतं.

त्यांनी मान हलवली. राग नाही, निराशा नाही, बाजारात भाव ऐकून घ्यावा तशी. मग म्हणाले, उरलं म्हणता, पण कोणापेक्षा? मला हसू आलं. मॅडम दोन वर्षं मोठमोठ्या लोकांपुढे जे समजावून सांगत होत्या ते या माणसानं एका दमात विचारलं होतं. मी त्यांना तुलनेच्या मेंदूची अडचण सांगितली. बोलता बोलता सांगितली, मागण्यासाठी नाही.

"मंग माहा घ्या," ते म्हणाले. "मी तिच्यापेक्षा दोनच वर्सानं मोठा. एकाच वावरातलं खाल्लं दोघानं, एकाच हिरीचं पाणी पेलो. याच्यापरीस चांगली तुलना तुमाले कुठं भेटन?"

त्याच आठवड्यात मॅडमच्या खोलीत त्यांनी अर्ज भरला. त्यांची स्मरणाची चाचणी झाली, ती उत्तम निघाली. मृत्यूनंतर कोण कळवणार, या रकान्यात त्यांनी आधी मुलीचं नाव घातलं. मुलगी ज्योती पुण्याला नोकरीत, एकुलती एक. मग क्षणभर थांबून म्हणाले, पोरगी दूर राह्यते, या बाईचं बी लिहा. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, माल विकून झाला की माणिकराव तळघरात यायचे. अकराच्या सुमारास, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी सांबाराची जुडी नाहीतर चार वांगी. मी चहा करायची. तोही प्रयोगशाळेत नाही, बाहेरच्या बोळात, कारण आत खाणंपिणं मना असतं. तो माणूस माझ्या हातचा चहा घेताना एकदाही थबकला नाही. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली बाई, पण मंगळवार संपला की पुढच्या मंगळवारची वाट पाहायची, हे कबूल करायला आता हरकत नाही.

ते काय बोलायचे? वांग्यावरच्या किडीचं, विजेचं, गावच्या लग्नांचं. आणि मग कप खाली ठेवता ठेवता हमखास तोच प्रश्न. तिला आतून माहीत असेल का? मी तेच उत्तर द्यायची. ते मान हलवायचे. माणूस गेल्यावर माणसं तीच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतात, आई गेल्यावर मीही विचारली होती, डॉक्टरांना, बहिणीला, भिंतीला. मी त्यांना कधी म्हटलं नाही, की काका, हे तुम्ही मागच्या मंगळवारीही विचारलं होतं. मला ते अमानुष वाटलं असतं.

अशी दोनेक वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी एका मंगळवारी ते अकराला आले, चहा घेतला, सांबार दिला, गेले. दुपारी तीन वाजता मी यंत्र बंद करत होते तर दारात पुन्हा चपला काढल्याचा आवाज. माणिकरावच. हातात रिकामी पिशवी.

"आज उशीर झाला बाई," ते म्हणाले. "बाजारातच अटकलो. तुमच्यासाठी सांबार ठेवला होता, तो बी कुठं गेला काय माहीत."

तो सांबार माझ्या टेबलाखाली ओल्या फडक्यात होता. त्यांना एकटं घर नकोसं झालं असणार आणि पुन्हा यायला निमित्त हवं असणार, असं मी धरलं. पुन्हा चहा ठेवला. त्यांनी कीड, वीज, लग्न, सगळं सकाळचंच पुन्हा सांगितलं आणि मीही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. संध्याकाळी घरी जाताना मी खूश होते. एका दिवसात दोनदा माझ्याकडे कोणी चहाला आलं असं त्याआधी कधी झालं, हे मला आठवेना.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांना हृदयाचा झटका आला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात आणलं. दोन दिवस ते वॉर्डात होते, मी दोन्ही दिवस वर जाऊन बसले. बोलणं फारसं झालं नाही, नाकात नळी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. ज्योती त्याच सकाळी पुण्याहून पोचली होती.

अर्ज घेऊन तिच्यापुढे उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं. कळवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं ना. मुलीनं कागद पाहिला आणि बाजूला सारला. आईचं दिलं, तेवढं पुरे नाही झालं का, असं ती म्हणाली. मी तिला पटवायला गेले नाही. तिला मी एवढंच सांगितलं की तिनं नाही म्हटलं तर प्रश्न तिथंच मिटला, पण जे काय ते दोनतीन तासांत सांगावं लागेल. ती बाकावर बसून राहिली. मग तिनं कागद परत उचलला आणि बापाची सही पाहत राहिली. त्या सहीखाली त्यांनी आपल्या हातानं एक ओळ लिहिली होती: 'माझ्या मालकिणीच्या तुलनेसाठी.' ज्योतीनं पेन मागितलं.

चारपाच आठवड्यांनी क्रमांक घातलेला तुकडा माझ्या टेबलावर आला. नियमाप्रमाणे तो कोणाचा हे मला माहीत नव्हतं. प्रत्यक्षात त्या महिन्यात आमच्याकडे एकच मेंदू आला होता. मॅडमनी विचारलं, कुंदा, दुसऱ्या कोणाला देऊ का? दुसरं होतं कोण? मी म्हटलं, मीच करते.

घोटलं, रसायनं घातली, यंत्रात ठेवलं. पहिलं मिनिट. दुसरं. पिवळा चढेना. निरोगी माणसाचा जसा चढायला हवा तसा चढेना. मला वाटलं रसायन शिळं झालं. बकऱ्याचा नमुना लावून पाहिला, तो झरझर पिवळा झाला. तुकडा बाहेर जास्त वेळ राहिला का, म्हणून नोंद पाहिली. मृत्यूपासून फ्रीजरपर्यंतचा वेळ आमच्याकडच्या सगळ्यांपेक्षा कमी होता. दुसऱ्या भागातला तुकडा घेतला. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. आकडा तिथंच. यमुनाबाईंइतका खाली नाही, पण तुलनेच्या मेंदूचा तर नाहीच नाही.

मी वही घेऊन वर गेले. मॅडमनी ती पाहिली आणि फोन उचलून सूक्ष्मदर्शकवाल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांचंही काम त्याच आठवड्यात संपलं होतं. आजाराच्या खुणा त्यांना स्पष्ट दिसल्या होत्या. सुरुवात होऊन काही वर्षं झाली असावीत, असं ते म्हणाले. मॅडमनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "कुंदा, याची लक्षणं कोणाला दिसली नाहीत का? हा माणूस भेटायचा कोणाला?"

मी म्हटलं, मला.

मी खाली आले, मोजे घातले आणि माणिकरावांची पाकिटं तुलनेच्या कप्प्यातून काढून आजाराच्या कप्प्यात ठेवली. दोन मिनिटांचं काम. मग स्टुलावर बसले आणि एकेक मंगळवार आठवायला लागले. चहाचा कप ठेवता ठेवता येणारा तो प्रश्न. दोनदा आलेला तो दिवस. एकदा पिशवीत सांबाराऐवजी नुसता चुरगाळलेला कागद होता आणि मी तो हसून बाजूला ठेवला होता. अकरा वर्षं मी हाच आजार मोजत होते. तो माझ्यापुढे बसून माझ्या कपातून चहा पीत होता आणि मी त्याला दुःख समजले, कारण दुःख असलं तर माणिकराव पुढच्या मंगळवारीही आले असते. आजार म्हटलं असतं तर त्यांना वर मॅडमकडे न्यावं लागलं असतं, मुलीला कळवावं लागलं असतं, आणि मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली असती. हे मी तेव्हा मनात असं मांडलं होतं का? नाही. पण न मांडताही माणूस पुष्कळ काही करतो.

वर्षश्राद्धाला ज्योती आंजीला आली तेव्हा ती मॅडमना भेटली. आईला होतं, आता आपलं काय, ही तिची भीती. मॅडमनी तिला वडिलांचा निष्कर्ष सांगितला, तिच्यासाठी कोणत्या तपासण्या आहेत तेही समजावलं. मग ती तळघरात उतरली. स्टूल दिलं तरी बसली नाही.

"बाबा इथं दर आठवड्याले येत होते," ती म्हणाली. "हा आजार तुमाले माहीत होता का ताई?"

उत्तर देण्याचे अनेक मार्ग होते. मी डॉक्टर नाही, चाचणी करणं माझं काम नाही, पहिली चाचणी चांगली होती, आम्ही फक्त तुकडे पाहतो, माणसं नाही. हे सगळं खरं आहे.

"नाई," मी म्हटलं. "अन् मले समजाले पाहिजे होतं. ते एका दिवशी दोनदा आले, मी दोनदा चहा केला."

मला वाटलं आता ती बोलेल ते मला ऐकून घ्यायचं आहे. मग तिनं स्टूल ओढलं आणि बसली. म्हणाली, शेवटच्या वर्षी बाबा मला फोन करायचे, ठेवायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा करायचे. जेवली का? मी म्हणायची, बाबा आत्ताच तर सांगितलं, मिटिंगमध्ये आहे. एकदा मी ओरडले. एकदा ते आंजीऐवजी हिंगणीच्या बसमध्ये बसून पार तिकडे धरणाजवळ पोचले, कंडक्टरनं माझा नंबर शोधून फोन केला. झोप लागली होती, असं म्हणाले. मी मानलं. मानणं सोपं होतं. गावी यायला रजा नव्हती.

"मी फोन उचलत नोती," ती म्हणाली. "तुम्ही आयकत तरी होत्या."

मी तिला सांगितलं नाही की त्यात माझाच जास्त फायदा होता. ते सांगून तिचं ओझं कमी झालं नसतं, माझंच झालं असतं. आम्ही बोळात जाऊन चहा केला. तिनं विचारलं, बाबा काय बोलायचे? मी सांगत गेले. किडीचं, विजेचं, लग्नांचं, आणि यमुनाबाई उभ्या राहून पदर सारखा करायच्या ते. हे तिला माहीत नव्हतं. आईनं बापाला ओळखणं सोडलं होतं हे त्यांनी मुलीला कधी सांगितलंच नव्हतं. ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो राहू दिला.

मला निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं. शेवटच्या काही महिन्यांत मी एक गोष्ट मॅडमच्या मागे लागून करून घेतली. तुलनेसाठी नाव दिलेल्या प्रत्येक माणसाची आता दरवर्षी चाचणी होते आणि त्याच्या घरच्यांशी दर तीन महिन्यांनी कोणीतरी फोनवर बोलतं. काय खाल्लं, कुठं गेले, कोणाचं नाव अडलं. फार मोठं काम नाही. त्यातून एका आजीचं वेळेत लक्षात आलं आणि तिच्या सुनेनं गॅसची शेगडी कुलपात ठेवली, एवढं मला कळलं.

ज्योती मला दर रविवारी पुण्याहून फोन करते. सकाळी दहाच्या सुमारास. आधी तब्येत विचारते, मग हळूच विचारते की ताई, काल काय भाजी केली होती, परवा कुठे गेला होतात, मागच्या रविवारी मी तुम्हाला काय सांगितलं होतं. ती काय तपासते हे मला कळतं, आणि मला कळतं हे तिलाही माहीत आहे. मी शनिवारी रात्रीच सगळं आठवून ठेवते आणि तिला नीट, सविस्तर उत्तर देते. भाजीत काय घातलं तेसुद्धा.